परदेशातलं बिऱ्हाड विदर्भातल्या गावी आणायचं: विमान, जहाज, कुरिअर की टपाल?

परत यायचं ठरलं की बहुतेक जण आधी कार्गोवाल्याला फोन लावतात. माझं सांगणं आहे की आधी टेप घ्या आणि सामान मोजा. तुम्हाला नक्की काय परवडेल हे वजनापेक्षा आकारमानावर जास्त ठरतं, आणि फोनवर "किलोला किती" एवढंच विचारलं तर कळीची गोष्ट राहून जाते.

६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचं एक खोकं धरा. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला साधारण ५००० ने भागतात. म्हणजे या खोक्याचं "वजन" झालं २४.३ किलो. त्यात रजया आणि स्वेटर भरून काट्यावर आठच किलो भरले तरी पैसे चोवीस किलोंचेच. हवाई मालवाहतुकीत सहसा ६००० ने भागतात, तिथे तेच खोकं सव्वावीस किलोंचं होतं. जहाजावर हिशेब घनमीटरचा असतो. अशी आठ खोकी मिळून जेमतेम एक घनमीटर भरतं. म्हणून पुस्तकं, भांडी, अवजारं अशा जड पण आटोपशीर वस्तूंना जहाज मानवतं, तर उशा-गाद्यांना कुठलाच रस्ता मानवत नाही. त्या तिकडेच कोणाला तरी देऊन टाका.

सगळ्यात स्वस्त रस्ता बहुतेकांच्या तिकिटातच असतो. अमेरिकेहून येणाऱ्या बऱ्याच विमानांत माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. आखाताच्या विमानांत एकूण किलोंची मर्यादा असते, आणि जादा वजन आधीच ऑनलाइन घेतलं तर विमानतळावरच्या काउंटरपेक्षा बरंच स्वस्त पडतं. एकट्या माणसाचं चार-पाच खोक्यांपर्यंतचं सामान असेल तर जादा बॅगेचे पैसे भरणं हाच सरळ मार्ग आहे. सामान तुमच्यासोबत उतरतं, कस्टम्स तिथल्या तिथे होतं, मध्ये एजंट लागत नाही आणि गोदामभाडंही नाही. एक बॅग ३२ किलोंच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढची सहसा घेतच नाहीत.

आपल्या भागातल्या माणसाची अडचण मुंबईनंतर सुरू होते. मुंबई-नागपूरचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलोच मोफत मिळतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात वाचवलेले पैसे मग तिथे जातात. यावर दोन उपाय. एक, शेवटपर्यंतचं तिकीट एकत्र काढा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादा सहसा नागपूरपर्यंत लागू राहते. मुंबईला सामान उचलून कस्टम्समधून न्यायचं आणि पुन्हा द्यायचं एवढं मात्र करावं लागतं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, तो म्हणजे रेल्वे. स्लीपर आणि एसी थ्री टायरमध्ये माणशी चाळीस किलो मोफत, एसी टू टायरमध्ये पन्नास. विदर्भ एक्सप्रेस अकोला, बडनेरा, वर्धा अशी नागपूरहून पुढे गोंदियाला जाते, आणि अमरावतीची गाडी आहेच. घरचं कोणी घ्यायला मुंबईला आलं तर दोघांचे मिळून ऐंशी किलो होतात. आखातातून येत असाल तर नागपूरला दोह्याहून कतार एअरवेज आणि शारजाहून एअर अरेबिया उतरत आलेली आहे. तुमच्या तारखेला ती उड्डाणं असतील तर मुंबईचा फेराच टळतो.

आता जहाज. पूर्ण कंटेनर हा सगळं घर हलवणाऱ्यांसाठी असतो. वीस फुटी कंटेनरमध्ये आत सुमारे तेहतीस घनमीटर जागा असते, पण प्रत्यक्षात अठ्ठावीसच्या आसपासच भरता येते. तेवढं सामान गावी ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहे. बाकीच्यांसाठी असतो इतरांच्या मालासोबतचा वाटा, ज्याला धंद्यात एलसीएल म्हणतात. पैसे घनमीटर किंवा टन यांतलं जे जास्त भरेल त्यावर. सागरी भाडं ऐकून माणूस खूश होतो, पण ते बिलाचा एक तुकडा आहे. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात माल उतरला की टर्मिनलचं शुल्क, डिलिव्हरी ऑर्डरचं शुल्क, कंटेनर रिकामा करण्याचे पैसे, गोदामाचं भाडं आणि सीएचएची, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटची, फी सुरू होते. यातली बरीचशी रक्कम सामान कमी असलं तरी तेवढीच राहते. त्यामुळे एका घनमीटरसाठी जहाज क्वचितच परवडतं. माझ्या मते तीन घनमीटरच्या आत जहाजाचा विचारच करू नये. त्यापुढे आकडे हळूहळू तुमच्या बाजूने झुकतात.

कोटेशन मागताना एकच वाक्य लेखी घ्या: "मुंबईतले सर्व खर्च धरून, माझ्या हाती येईपर्यंत." नुसतं "पोर्टपर्यंत" लिहिलेलं कोटेशन स्वस्त दिसतंच, कारण निम्मा खर्च त्याच्या बाहेर असतो. नागपूरला अजनीचा कंटेनर डेपो आहे आणि तिथेही कस्टम्सचं काम होतं. तुमचा एजंट मुंबईऐवजी तिथे माल सोडवून देऊ शकतो का, हे विचारायलाच हवं, कारण कागदांसाठी स्वतः हजर राहायची वेळ आली तर दारव्ह्याच्या किंवा मंगरूळपीरच्या माणसाला नागपूर गाठणं सोपं.

वेळेचाही विचार करा. आखाताहून जहाज काही दिवसांत येतं, पण कंटेनर भरण्याची वाट आणि इथली सोडवणूक धरून काही आठवडे जातात. युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून येणारी बरीच जहाजं २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, त्यामुळे तिकडचा प्रवास लांबला. दोन-तीन महिने सामानाशिवाय काढायची तयारी हवी. मुलांच्या शाळेचे दाखले, औषधं, डिग्र्या यांतलं काही जहाजात टाकू नका.

कुरिअरबद्दल थोडक्यात सांगतो. कागदपत्रं किंवा एखादं महागडं, लहान यंत्र असेल तर उत्तम. घर हलवायला नाही. "भेट" असं लिहून पाठवलं की शुल्क लागत नाही, हा समज अजून गावोगाव आहे. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली ती सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली गेली.

टपालाला लोक विसरलेत, हे बरं नाही. खोकी दोन-तीनच असतील आणि घाई नसेल, तर जर्मनीतून किंवा ब्रिटनमधून साधं पार्सल पाठवणं कुरिअरपेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं. भारतात येणाऱ्या एका पार्सलला किती किलोंपर्यंत मुभा आहे, हे तिथल्या टपालात आधी विचारा. अमेरिकेच्या टपाल खात्याने परदेशी समुद्री टपाल २००७ मध्येच बंद केलं, तरी फक्त छापील पुस्तकांसाठी "एम-बॅग" नावाची सोय तिथे आहे आणि एका पोत्यात तीस किलोंपर्यंत पुस्तकं बसतात. पीएचडी करून येणाऱ्यांनी हा भाव आधी काढावा. पत्त्यात पिन कोड, तालुका आणि इथला चालू मोबाइल नंबर ठसठशीत लिहा.

कस्टम्सचा भाग नीट समजून घ्या, कारण सगळी बचत तिथेच टिकते किंवा जाते. सोबत आणलेल्या बॅगेला जी साधारण शुल्कमुक्त मर्यादा मिळते, ती मागून येणाऱ्या सामानाला मिळत नाही. त्याला वापरलेल्या खासगी वस्तूंची सूट आणि बिऱ्हाड बदलण्याची सवलत, म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, एवढंच लागू होतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत दोन वर्षं वा जास्त राहून परतणाऱ्याला ही सवलत अटींसह पाच लाख रुपयांपर्यंत होती. फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम आले आणि रकमा बदलल्या, त्यामुळे चार वर्षांपूर्वी आलेल्या मित्राचा आकडा धरून बसू नका. ताजा तक्ता कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा. २०१६ च्या नियमांत मागून येणारं सामान तुम्ही पोहोचल्यावर महिन्याच्या आत तिकडून निघायला हवं होतं, आणि आधी येत असेल तर दोन महिन्यांपेक्षा आधी नको, अशी मुदतीची अट होती. सामान बुक करताना आताची मुदत तपासूनच तारीख घ्या. माल उतरून तीस दिवसांत सोडवला नाही तर तो विकून टाकण्याची तरतूद कस्टम्स कायद्यात आहे.

फ्लॅट टीव्ही आणूच नका. ऑगस्ट २०१३ मध्ये तो शुल्कमुक्त सामानातून काढला गेला, आणि शुल्क भरून आणलेला टीव्ही अकोल्याच्या दुकानातल्या टीव्हीपेक्षा महाग पडतो. अमेरिकेतलं मिक्सर, इस्त्री, राइस कुकर १२० व्होल्टवर चालतं. इथे २३० आहेत, तेही गावात कमी-जास्त होतात. चार्जरवर १०० ते २४० लिहिलं असेल तेवढंच उचला. युरोपातली यंत्रं चालतील, पण ती दुरुस्त करणारा माणूस पुसदला किंवा मेहकरला मिळेल का, हे आधी विचारा.

मुंबईपासून घरापर्यंतचा टप्पा कोटेशनमध्ये सहसा "नागपूर डिलिव्हरी" एवढाच असतो. पुढे गावापर्यंत कोण आणणार? ट्रान्सपोर्ट कंपनीकडे टाकलं तर तालुक्याच्या गोदामात येतं, तिथून छोटा हत्ती. यवतमाळकडे रेल्वेने आणायचं तर धामणगाव किंवा बडनेऱ्याला उतरवून पुन्हा गाडी. तीन-चार घनमीटर असेल तर मुंबईहून थेट टेम्पो करणं मला जास्त पटतं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे, आणि मेहकर, वाशीमचं मालेगाव, कारंजा या बाजूच्या गावांना तो सरळ पडतो. सामान एकदाच चढतं, एकदाच उतरतं, फुटतूट कमी होते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत एखादं खोकं ठीक, काचेची भांडी नको.

माझा कौल असा. आखातातून एकटा परतणारा फिटर किंवा ड्रायव्हर असेल, तर जादा किलो विकत घ्या आणि उरलेलं तिकडच्या किलोवारी घरपोच कार्गोला द्या, पण ते "घरपोच" मुंबईत थांबत नाही ना, हे पावतीवर लिहून घेऊनच. विद्यार्थी असाल तर दोन बॅगा, तिसरी विकत, आणि पुस्तकं टपालाने. पाच-सात वर्षांचा संसार असलेलं कुटुंब असेल तरच एलसीएल. निघण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर सामान जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत उतरेल असं जहाज टाळा. टाळता आलं नाही, तर प्रत्येक खोक्याला आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर द्या आणि आतल्या वस्तूंची यादी, किमतीसह, तीन प्रतींत काढा. एक खोक्यात, एक सीएचएकडे, एक पासपोर्टसोबत.