स्पाइक गार्ड गेला, दिवा मात्र चालू

सहा सॉकेट, लांब वायर, एक मोठं बटण आणि बटणाशेजारी लाल दिवा. वाशीत घेतला तेव्हा साध्या एक्स्टेंशन बोर्डाच्या जवळपास तिप्पट पैसे गेले, आणि मी काही सढळ हाताचा माणूस नाही. पण घरच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या कुटुंबाची रिटर्नं आणि मुलीचा अभ्यास, म्हणून विजेच्या झटक्यापासून वाचवणारा हा बोर्ड, म्हणजे स्पाइक गार्ड, घेतला. पहिले काही महिने तक्रार नव्हती. मोठा अडॅप्टर लावला की शेजारचं सॉकेट झाकलं जातं, पण ते सगळ्याच कंपन्यांचं रडगाणं. तेव्हा विचारलं असतं तर चार तारे दिले असते.

मग मे महिना उजाडला. नेरूळच्या आमच्या इमारतीत भर दुपारी पंखे नको तितके पळायला लागले, दिवे डोळ्यांना लागतील इतके प्रखर झाले, आणि टेबलाखाली ‘फट्’ होऊन जळका वास सुटला. मेन स्विच पाडला. गंमत म्हणजे त्याच वेळी खालच्या मजल्यावर दिवे मिणमिणत होते. वायरमनने मीटर रूम उघडली तर न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, जोड जळून सुटलेला.

ज्यांच्याकडे हे अजून झालं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इमारतीत तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, येतात आणि आपल्या घरातले २३० व्होल्ट हे फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले असतात. न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले साधारण ४०० व्होल्ट त्या फेजवरची घरं आपसांत वाटून घेतात, तेही उफराट्या हिशेबाने: ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त. आमच्या फेजवरची निम्मी घरं सुट्टीत कोकणात गेलेली, एसी बंद. म्हणजे ज्यांनी वीज कमी जाळली त्यांनाच दंड. शेजाऱ्यांचा टीव्ही गेला. माझा कॉम्प्युटर बंद होता, तो वाचला.

वीज नीट झाल्यावर स्पाइक गार्डचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. सॉकेटला वीज. पण वास जाईना, म्हणून बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं.

“दिवा लागतोय ना काका? मग चालू आहे.”

“जरा वास घेऊन बघ.”

त्याने घेतला. “व्होल्टेज जास्त आलं होतं का?”

“हो.”

“मग वॉरंटीत नाही बसत. हाय व्होल्टेज डॅमेज.”

सर्जपासून, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून, वाचवणारी वस्तू, आणि जास्त व्होल्टेज आलं तर वॉरंटी नाही! पावसात भिजली म्हणून छत्री परत घेणार नाही, असं सांगण्यातला हा प्रकार. साहेबांना बोलवा, लेखी द्या, सगळं करून झालं. लेखी कोणीच देत नाही. त्या दिवशी एक तारा, तोही बिल व्यवस्थित दिलं म्हणून.

घरी येऊन स्क्रू काढले. आत निळी चकती, म्हणजे झटका झेलणारा भाग (एमओव्ही), तडकून काळी झालेली. तिच्यावर ४७१ छापलं होतं, म्हणजे ४७० व्होल्ट. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं टोक जेमतेम ३२५ ला पोचतं, त्यामुळे एरवी ही चकती स्वस्थ असते. क्षणभराचा उसळता झटका आला की ती वाहू लागते आणि तो स्वतःवर घेते. असा प्रत्येक मोठा झटका तिचं आयुष्य थोडं कमी करतो. पण आमच्याकडे आलं ते क्षणभराचं नव्हतंच, काही मिनिटं टिकलेलं जादा व्होल्टेज होतं. त्यात ती तापणार आणि मरणारच. खोक्यावरचे ज्यूलचे, म्हणजे किती ऊर्जा झेलेल याचे, आकडे अशा वेळी निरुपयोगी. तिच्याजवळचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) उडाला म्हणून आग लागली नाही, ही बाब मात्र या वस्तूच्या बाजूने. म्हणून तारे तीन.

पण तो दिवा! वायर धरून पाहिलं, तर दिवा सरळ बटणानंतरच्या फेजवर. एमओव्हीशी त्याचा काडीचा संबंध नाही. संरक्षण संपलं तरी सॉकेट चालू, दिवा चालू, आणि गिऱ्हाईक निर्धास्त. हाच दिवा त्या फ्यूजनंतर, चकतीच्या बाजूला जोडला असता तर चकती गेली की तोही विझला असता. वायरचा एक तुकडा इकडचा तिकडे, बाकी खर्च शून्य. खोक्यावर विजेच्या रंगीत रेघा छापायला पैसे आहेत, यासाठी नाहीत. अर्धा तारा कापला.

आता नवीन घेतलाय तो संरक्षणाचा दिवा वेगळा असलेला. दुकानात “हा दिवा कशाचा?” असं विचारा. “पॉवरचा” म्हणाले तर तो फक्त पॉवरचाच. शिवाय वायरमनकडून डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. २७० च्या वर गेलं की तो घराची वीजच तोडतो, आणि पुरवठा ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडतो. न्यूट्रल सुटण्यावर खरा इलाज हा. यूपीएस घ्या असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे वीज फारशी जात नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी बॅटरीला पैसे घालायची माझी तयारी नाही.

त्याच फेरीत वायरमनने टेबलामागच्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं. तार बोर्डात तुटून लोंबत होती, म्हणजे स्पाइक गार्डचं अर्थिंगकडचं संरक्षण पहिल्या दिवसापासून नावालाच होतं. हे त्याने फुकट जोडून दिलं.

राहिली लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची वायर. इंटरनेटवाल्याने ती गच्चीवरून उघडी आणलीय, तांब्याची. आसपास वीज पडली तर झटका त्या वाटेने राउटरमधून थेट कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टात येऊ शकतो, स्पाइक गार्ड कितीही महागाचा असो. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही, म्हणून घरापर्यंत फायबर दे म्हणून त्याच्या मागे लागलोय. “पुढच्या महिन्यात करू साहेब,” असं तो दर महिन्याला म्हणतो. तोवर ढग गडगडले की लॅनची पिन उपटून ठेवायची, आणि मुलीची बोलणी खायची.