माल किती मागवायचा: एक्सेलची सरासरी की मशीन लर्निंगचा अंदाज?

किराणा दुकानात माल केव्हा मागवायचा, याचं एक्सेलमधलं गणित सोपं आहे. गेल्या 4 आठवड्यांची रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. साखर रोज 20 किलो खपते, माल 4 दिवसांनी येतो, राखीव 30 किलो. म्हणजे साठा 110 किलोवर आला की ऑर्डर द्यायची. मीठ, साखर, तूरडाळ यांना एवढं पुरतं. त्यासाठी सॉफ्टवेअरचं भाडं भरणं म्हणजे उधळपट्टीच.

घोडं अडतं ते सणाला. मोदकाची पिठी आठवडाभरात उसळी घेते आणि सरासरीला ते कळेपर्यंत गणपती गावाला गेलेले असतात. इथे मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या बिलांवरून शिकून पुढचा अंदाज बांधणारा प्रोग्राम (मॉडेल), सरस, पण नीट शिकवलं तरच. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये थेट 27 ऑगस्टला. मॉडेलला नुसता महिना दिला, तर विसर्जनानंतरही ते पिठीच मागवत बसेल. म्हणून ‘चतुर्थीला उरलेले दिवस’ हा वेगळा रकाना हवा, आणि निदान 2-3 वर्षांची रोजची बिलं.

एक खोट दोन्हीकडे आहे. माल संपला त्या दिवशी विक्री शून्य दिसते. गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाताने परतलेलं असतं. असे दिवस खूण करून वगळा. एक्सेलमध्ये ते शून्य निदान डोळ्यांना दिसतं, मॉडेल मात्र ते गुपचूप गिळतं आणि पुढच्या वर्षी आणखी कमी मागवतं.

मॉडेल घ्यायचंच असेल, तर मागच्या गणपतीची विक्री त्याच्यापासून लपवून आधी तिचाच अंदाज मागा आणि खऱ्या विक्रीशी ताडून पाहा.