चीनचा दबाव आला तर: सोलची वाट की कॅनबेराची?

अमेरिका-चीन ओढाताणीत सापडलेल्या मध्यम आकाराच्या मित्रदेशाने कसं वागावं, हे ठरवायला दोन उदाहरणं पुरेशी आहेत: २०१७ चा दक्षिण कोरिया आणि २०२० नंतरचा ऑस्ट्रेलिया. दोघेही अमेरिकेशी करारबद्ध आणि दोघांचंही सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. सोलने शब्द देऊन सुटका करून घेतली, कॅनबेरा दम धरून बसलं. माझा कल कॅनबेराकडे आहे, पण थोड्याच फरकाने.

सोलची कोंडी जास्त वाईट होती, हे आधी मान्य करायला हवं. जुलै २०१६ मध्ये 'थाड' ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा दक्षिण कोरियात बसवायचं ठरलं, आणि ते चीनला खुपलं. तिच्यासाठी लोट्टे या कोरियन उद्योगसमूहाने आपलं गोल्फ मैदान दिलं, आणि चीनमधली त्याची बहुतेक दुकानं बंद पडली. अनेक ठिकाणी कारण दाखवलं अग्निसुरक्षेचं. मार्च २०१७ पासून कोरियाच्या गट-सहली विकणंही थांबलं. आदल्या वर्षी आठेक दशलक्ष असलेले चिनी पर्यटक जवळपास निम्म्यावर आले. या सगळ्याचा जाहीर आदेश मात्र कुठेच नव्हता. मग जागतिक व्यापार संघटनेत बोट ठेवायचं कशावर? कोरियाने तिथे विषय काढला, रीतसर दावा लावला नाही. त्याच सुमारास ट्रम्प यांनी 'थाड'चे एक अब्ज डॉलर कोरियाने द्यावेत, असंही सुनावलं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये समेट झाला. जास्तीचं 'थाड' नाही, अमेरिकी क्षेपणास्त्र-संरक्षण जाळ्यात सामील होणार नाही, जपानसह त्रिपक्षीय लष्करी युती नाही, असे 'तीन नकार' सोलने सांगितले. सोलच्या लेखी ती चालू धोरणाची माहिती होती, बीजिंगच्या लेखी वचन. माझ्या मनातला तराजू झुकला तो इथेच. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने तिनाला आणखी एक जोडलं: असलेल्या 'थाड'च्या वापरावरही मर्यादा. सोलमध्ये तोवर सरकार बदललं होतं आणि नव्या सरकारने असा काही करार असल्याचं नाकारलं. तरी खुलासे देत बसायची पाळी त्याच्यावरच आली. बदल्यात काय कधी मोकळं होणार, याचं वेळापत्रक मात्र सोलच्या हाती कधीच नव्हतं. सहली टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. कोरियन मालिका-संगीतावरची अघोषित बंदी रेंगाळली.

ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने त्याच्या बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं, पुढे वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत. कोळसा, लॉबस्टर, लाकूड बहुतांशी तोंडी अडवलं गेलं. शुल्काचा कागद होता, म्हणून जागतिक व्यापार संघटनेत खटला लावता आला. बार्लीचा निकाल तोंडावर आला असताना एप्रिल २०२३ मध्ये चीन फेरविचाराला तयार झाला, ऑगस्टमध्ये शुल्क उठलं. मार्च २०२४ मध्ये वाइनचंही. मधल्या काळात कॅनबेरात सरकार बदललं आणि भाषा मवाळ झाली, याचाही वाटा असावा. पण अमेरिका-ब्रिटनसोबतचा ऑकस हा संरक्षण करार आणि ह्वावे या चिनी दूरसंचार कंपनीवरची बंदी जिथल्या तिथे राहिली.

किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. बार्ली आणि कोळसा भाव थोडा सोडला की दुसऱ्या बंदरात उतरतात: बार्ली सौदीला वळली, कोळसा भारत-जपानकडे. वाइनचं तसं नाही. एकाच बाजारासाठी घडवलेला ब्रँड आणि ठरलेल्या चवीच्या द्राक्षबागा वळवता येत नाहीत. टाक्या भरून राहिल्या, भाव पडले. शिवाय गोमांस आणि पोलादासाठी लागणारा कोळसा यांची चीनमध्ये मोकळी झालेली जागा काही प्रमाणात अमेरिकी निर्यातदारांनी भरली, हे मित्रप्रेमाच्या भाषणांत सहसा येत नाही.

कॅनबेराला दोन गोष्टींची साथ होती, ती सगळ्यांना मिळेल असं नाही. लोहखनिजाला चीनकडे पुरेसा पर्याय नव्हता, म्हणून त्याला हात लागला नाही, आणि २०२१ मध्ये त्याचा भाव टनाला दोनशे डॉलरच्या वर गेला. दुसरं, सीमेला लागून उत्तर कोरिया नव्हता. ज्याची निर्यात पर्यटन, दुकानं, मनोरंजन यांतच अडकली आहे, त्याला दम धरणं कदाचित परवडणार नाही. त्याने सोलची वाट धरावी. फक्त तोंडी आश्वासनाआधी कोणता निर्बंध कोणत्या तारखेला उठेल हे लेखी घ्यावं, आणि आपल्या शब्दाला मुदत घालावी.