बंदूकबंदी: ऑस्ट्रेलियाची वाट की कॅनडाची?

परवान्याच्या बंदुकांवरील बंदीला पाठिंबा द्यावा का, हे कॅनडातल्या भाच्याचं ठरत नाहीये.

वेग पाहा. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थरमध्ये गोळीबारात 35 जणांचा बळी गेला आणि 12 दिवसांत तिथली सगळी राज्यं बंदुकांच्या कडक नियमांच्या एका करारावर आली. कॅनडाने 2020 मध्ये सुमारे 1,500 मॉडेलं एका आदेशाने बंद केली, पण बंदुका परत घेणं वर्षानुवर्षं रखडलं.

खर्चासाठी ऑस्ट्रेलियाने मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवेचा) कर वाढवून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या.

विश्वासात कॅनडा कमी पडतो. 2020 ची बंदी ज्या सामूहिक गोळीबारानंतर आली, त्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या मारेकऱ्याकडे परवानाच नव्हता. त्याच्या तीन बंदुका अमेरिकेतून चोरट्या मार्गाने आल्या होत्या. नियम पाळणाऱ्या शिकाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो.

घरोघरच्या कायदेशीर रायफली कमी करायच्या असतील तर ऑस्ट्रेलियाची वाट बरी. तस्करी थांबवायची असेल तर आधी सीमेवर पैसा लावावा.