शिंगू बियाणे जाळे: किलोने विकत मिळणारे जंगल

जंगल लावून देणाऱ्या बहुतेक सेवा झाडांच्या संख्येवर चालतात: इतक्या पैशांत इतकी रोपे आणि सोबत एक प्रमाणपत्र. ब्राझीलमधील शिंगू बियाणे जाळ्याचा व्यवहार किलोवर चालतो. येथे ग्राहकाच्या हाती पडतात त्या स्थानिक झाडांच्या बिया, जातवार वेगळ्या केलेल्या आणि उगवणक्षमता तपासलेल्या. त्या गोळा करणारे लोक त्याच मुलखातले आदिवासी आणि लहान शेतकरी असतात. वर्षावनाच्या पुनर्लागवडीत स्थानिक समाजाचा सहभाग हा शब्दप्रयोग आता इतका स्वस्त झाला आहे, की तो सहभाग व्यवहारात नेमका कुठे दिसतो हे तपासूनच अशा सेवेचे मूल्य ठरवावे लागते. त्या कसोटीवर हे जाळे बऱ्याच अंशी उतरते. काही बाबतींत मात्र ग्राहकाने सावध राहायला हवे.

शिंगू नदीचा उगमाकडचा प्रदेश मातो ग्रोसो राज्यात येतो. अ‍ॅमेझॉनचे वर्षावन आणि सेराडोचा विरळ झाडीचा मुलूख येथे एकमेकांत मिसळतात. १९६१ मध्ये येथे आदिवासींसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. सुमारे २६ लाख हेक्टरांच्या त्या क्षेत्रात १६ समाज राहतात. आतले जंगल मोठ्या प्रमाणात टिकले, परंतु शिंगूला मिळणारे अनेक ओढे उगम पावतात ते सीमेबाहेर, जेथे गुरांची कुरणे आणि सोयाबीनची शेते पार पाण्याच्या काठापर्यंत जाऊन भिडली. गढूळ पाणी खाली गावांपर्यंत येऊ लागल्यावर २००४ मध्ये उगमांकडची झाडी परत आणण्याची मोहीम सुरू झाली, आणि तिला लागणारे बियाणे बाजारात कुठेच मिळत नसल्यामुळे २००७ मध्ये हे जाळे उभे राहिले. दात्याच्या सदिच्छेतून नव्हे तर प्रत्यक्ष मागणीतून जन्मल्यामुळे या सेवेला सुरुवातीपासून व्यवहाराची शिस्त आहे, असे माझे मत आहे.

मागणी हंगामाच्या बरीच आधी नोंदवावी लागते. त्यानंतर वेगवेगळ्या गटांचे प्रतिनिधी एकत्र बसतात, यंदा आपल्या भागात कोणते झाड चांगले फळले आहे आणि कोणती बी किती जमेल याचा अंदाज देतात, आणि त्यानुसार काम वाटून घेतले जाते. दरही तेथेच ठरतात. झाड किती लांब आहे, फळ किती उंचावर लागते, बी सोलायला आणि सुकवायला किती वेळ जातो, एका किलोत किती बिया बसतात, या सगळ्याचा विचार दर ठरवताना होतो. वस्तू गोळा करणाऱ्यानेच तिचा भाव ठरवण्यात भाग घ्यावा, ही गोष्ट वनोपजाच्या व्यापारात इतकी दुर्मीळ आहे, की केवळ तेवढ्यासाठीही या जाळ्याला वरचे गुण द्यावे लागतील.

गोळा करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. इक्पेंग समाजातील स्त्रियांनी २००९ मध्ये आपला स्वतंत्र गट बांधला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे ३ टन बिया जमवल्या. मुरिसीसारख्या झाडाची बी मुगाच्या दाण्याएवढी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यामागचे कष्ट उमगतात. शिवाय कोणते फळ पिकून गळण्याआधी उतरवायचे, कोणते जमिनीवरून वेचायचे, कोणती बी सावलीत वाळवायची आणि कोणती धुऊन काढायची, हे सारे ज्ञान शेती करता करता आणि रानात वावरता वावरता पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहे. रोपवाटिकेत मजूर म्हणून खड्डे खणायला बोलावले असते, तर या ज्ञानाला कवडीचाही भाव मिळाला नसता. बिया विकताना त्याचेच पैसे मिळतात.

या बियांचा वापर प्रामुख्याने ‘मुवूका’ नावाच्या मिश्रणासाठी होतो. त्यात जंगली झाडांच्या अनेक जातींच्या बिया, हिरवळीच्या खताची पिके आणि वाळू असे सगळे एकत्र कालवून थेट जमिनीत पेरतात. हाताने फोकता येते, किंवा चुना आणि खत पसरवणाऱ्या शेतीच्या यंत्रानेही. पेरणी पाऊस सुरू होताना, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केली जाते. प्रथम तूर, ताग आणि अबईच्या कुळातला घेवडा वर येतो, जमीन झाकतो आणि आफ्रिकेतून आणलेल्या ब्राकियारिया या चिवट चाऱ्याला सावलीत दाबून ठेवतो. ही पिके दोन-तीन वर्षांत सरतात, तोवर कारवोएरोसारखी वेगाने वाढणारी झाडे डोके वर काढतात, आणि त्यांच्या आडोशाला जातोबा, बारू, पेकी अशी सावकाश वाढणारी, दीर्घायुषी झाडे तग धरतात. एकाच पेरणीत पुढच्या कित्येक दशकांचा क्रम लावून ठेवण्याची ही रीत मला या सेवेतला सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो. उजाड जागेवर जंगल स्वतःहून परतते ते याच क्रमाने.

रोपांच्या लागवडीशी तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. नेहमीच्या ३ बाय २ मीटर अंतराने हेक्टरी १,६६७ रोपे बसतात, आणि त्यांतील जी मरतात तेथे पुन्हा नवी लावावी लागतात. पेरणीत बहुतेक बिया वाया जातात, तरीही सुरुवातीला हेक्टरी हजारो झाडे उभी राहतात आणि पुढची विरळणी निसर्गच करतो. रोपवाटिका, पिशव्या, वाहतूक, खड्डे हा खर्च वाचत असल्यामुळे मोठ्या, सपाट, यंत्र चालू शकेल अशा जमिनीवर ही पद्धत बरीच स्वस्त पडते. जेथे जन्मली तेथेच मुळे धरलेली झाडे कोरडा हंगामही तुलनेने बरा सोसतात.

आता उणिवा पाहू. वर्षावनातील बऱ्याच झाडांच्या बिया साठवणीत टिकत नाहीत. इंगासारखी बी फळातून काढल्यावर काही दिवसांतच पेरावी लागते, त्यामुळे लांबून मागवणाऱ्याच्या वाट्याला ती येणे कठीण असते. उलट जातोबासारख्या बीचे कवच इतके कठीण असते, की घासल्याशिवाय तिची सुप्तावस्था मोडत नाही, आणि हे काम ग्राहकाकडे माणूस नसेल तर राहून जाते. पेरलेल्या सगळ्याच जाती सारख्या उगवत नाहीत. थोड्या जाती पुढे सरसावतात आणि काही अजिबात दिसत नाहीत, म्हणून जाळ्याच्या यादीत २०० च्या वर जाती असल्या तरी तेवढी विविधता आपल्या शेतात उतरेल असे कोणी समजू नये. जमीन आधी गवतापासून नीट मोकळी केली नाही, तर सारी पेरणी मातीत जाते. तो खर्च बियांच्या किमतीत धरलेला नसतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच विसरला जातो. आगीचा धोका वेगळाच. २०२४ च्या दुष्काळात त्या प्रदेशात वणवे किती दूरवर पसरू शकतात हे दिसले. कोवळ्या लागवडीभोवती जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली मोकळी पट्टी, नसेल तर कितीही चांगले बियाणे कामाला येणार नाही.

एक अडचण जाळ्याच्या हातातली नाही. त्याचे मोठे ग्राहक जमीनमालक आहेत, आणि ते बिया घेतात याचे मुख्य कारण कायदा. ब्राझीलच्या २०१२ च्या वनसंहितेनुसार अ‍ॅमेझॉनच्या जंगली भागातील खासगी जमिनीचा ८० टक्के, तर त्याच विभागातील सेराडो जमिनीचा ३५ टक्के हिस्सा झाडोऱ्याखाली ठेवावा लागतो, शिवाय नदीकाठची पट्टी राखावी लागते. मात्र याच संहितेने २२ जुलै २००८ पूर्वीच्या तोडीला मोठ्या सवलती दिल्या. अंमलबजावणी ढिली पडली की मालक काम पुढे ढकलतात, आणि झाडावर पिकलेल्या फळाला त्यांच्या सवडीची वाट पाहता येत नाही. मागणीचा हा चढउतार गोळा करणाऱ्या कुटुंबांना सोसावा लागतो. कसाव्याची शेती आणि मासेमारी चालू असल्यामुळे अनेकांचे पोट केवळ बियांवर अवलंबून नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

आपल्या नावाचे झाड छायाचित्रात पाहू इच्छिणाऱ्याने येथे येऊ नये. ती सोय असती तर मला उलट शंका आली असती, कारण पहिल्या वर्षी मुवूकाचे शेत तुरीच्या शेतासारखेच दिसते आणि त्यात झाडे शोधायला गुडघ्यावर बसावे लागते. ज्याच्याकडे जमीन आहे, गवत आवरण्याची तयारी आहे आणि किमान तीन वर्षे थांबण्याचा धीर आहे, त्याच्यासाठी पाचपैकी साडेचार गुण. राहिलेला अर्धा गुण मी उगवणक्षमतेच्या आकड्यांसाठी राखून ठेवतो: प्रयोगशाळेत तपासलेली उगवण आणि उघड्या शेतातली उगवण यांत मोठे अंतर पडते, आणि मागणी नोंदवताना ग्राहकाने दोन्ही आकडे जातवार विचारून घ्यावेत.