विमानातून घरी फोन: १९५ चा पॅक वर्षभर वापरल्यावर

विमानात आपल्याच सिमवरून फोन आणि नेट वापरायचा १९५ रुपयांचा पॅक, त्यात काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २४ तास, १०० मिनिटं आउटगोइंग, २५० एमबी. थेट मुद्द्यावर येतो: आवाज उशिरा पोचतो.

नोकरी गल्फमध्ये, घर वरुड तालुक्यात, त्यामुळे मुंबईहून येणं-जाणं चालू असतं. विमानातला कॉल जातो सॅटेलाइटमार्फत, आणि तो सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. कागदावर किरकोळ वाटतं. पण आमचे बाबा फोनवर श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. ते म्हणतात, "हॅलो, कोन?" माझं "बाबा, मी" पोचायच्या आत त्यांचं दुसरं हॅलो सुटलेलं असतं. मग मी थांबतो, तेही थांबतात, आणि पुन्हा दोघं एकदमच सुरू. मी सांगून पाहिलं, तुमचं बोलून झालं की "हं" म्हणा, मग मी बोलीन. तर म्हणाले, "मी का पोलिसातला हाव का वायरलेसवर बोलाले?" संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा कितीत झाला, एवढं कळायला अख्खा कॉल गेला. आईला एकदाच सांगितलं, तिला जमलं.

आवाज मधेमधे तुटायचा, त्याचंही खापर सुरुवातीला सॅटेलाइटवरच फोडत होतो. मग भावाला वरुड शहरात फोन लावून पाहिला. उशीर तेवढाच, पण आवाज स्वच्छ, शेजारच्या सीटवरून बोलल्यासारखा. म्हणजे अरबी समुद्रावरून आकाशात गेलेला आवाज नीट येतो आणि शेवटी अडतो आमच्या गावच्या टॉवरवर, जो लाइट गेली की थोड्या वेळात मान टाकतो. हे लक्षात आल्यावर एक स्टार वाढवला.

तो कस्टमर केअरनं परत काढून घेतला. रात्रीच्या एका फ्लाइटला क्रूनं कॉल बंद ठेवले होते, नुसता डेटा चालू. फोननं नेटवर्क धरलं आणि पॅकचे तास सुरू. पैसे मागितले तर "सर, डेटा तर मिळाला ना?" विमान कंपनी म्हणते, सिमवाल्यांना विचारा.

इनकमिंगही नाही. का, तर म्हणे "टेक्निकली शक्य नाही". हे काही पटत नाही. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० बेपत्ता झालं, तेव्हा जमिनीवरून सॅटेलाइटमार्फत त्या विमानाला दोनदा फोन लावला होता. उचलला कोणी नाही, पण कॉल विमानाच्या यंत्रणेपर्यंत पोचल्याची नोंद आहे. ती कॉकपिटची लाइन, मान्य. समुद्रावर जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही, लांब पल्ल्याच्या एचएफला खरखर, म्हणून वैमानिकांसाठी ती सोय असते. पण प्रवाशांचं मोबाइल बोलणंही काही कालपरवाचं नाही, एमिरेट्सनं मार्च २००८ मध्येच सुरू केलं होतं. तेव्हा परवडत नाही म्हणा, धोरण नाही म्हणा, शक्य नाही म्हणू नका.

नवीन घेणाऱ्यांसाठी: टेकऑफ झाल्याझाल्या नेटवर्क शोधत बसू नका. आपल्या हद्दीत ३,००० मीटर उंची गाठेपर्यंत नियमानंच सेवा बंद असते.

पाचपैकी तीन. पुढच्या खेपेलाही घेईन, पण कॉल चालू आहेत का ते आधी क्रूला विचारून, आणि फोन आईच्या नंबरावर.