घरभर विखुरलेल्या गाण्यांसाठी सिंकथिंग

माझ्या संग्रहात आज गाण्यांच्या सुमारे ११,००० फायली आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत आहे. उरलेल्यांत भावगीते, अभंग आणि वडिलांच्या १४० कॅसेटींवरून मी स्वतः ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतलेले ध्वनिमुद्रण. हा संग्रह चार ठिकाणी लागतो: घरातला विंडोज डेस्कटॉप, माझा लिनक्सवर चालणारा लॅपटॉप, फोन आणि सकाळी फिरायला जाताना खिशात टाकायचा एक जुना, बोटभर प्लेअर. पूर्वी ही सगळी ने-आण पेन ड्राइव्हवरून चाले, आणि त्यातून 'नवीन', 'नवीन २' व 'खरे नवीन' अशा नावांचे फोल्डर जन्माला आले होते. एका सशुल्क सेवेवर संग्रह चढवूनही पाहिला. पण तिने कॅसेटवरून उतरवलेल्या काही चिजा ओळखीच्या वाटल्या म्हणून त्यांच्या जागी स्वतःकडची वेगळी ध्वनिमुद्रणे लावली, तेव्हा मी तो नाद सोडला. गेली दोन वर्षे हे काम सिंकथिंग नावाचे सॉफ्टवेअर करते आहे, आणि हे परीक्षण त्याच दोन वर्षांचे आहे.

सिंकथिंग हे मोफत आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर २०१३ च्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाले. ते गाणी वाजवत नाही, त्यांची वर्गवारी करत नाही. ठरवून दिलेले फोल्डर दोन किंवा अधिक यंत्रांवर सारखे ठेवणे एवढेच त्याचे काम. मधे कोणाचाही साठा नसतो. प्रत्येक यंत्राला अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक ओळख मिळते, ती दुसऱ्या यंत्राला सांगितली आणि दोन्हीकडून होकार मिळाला की देवाणघेवाण सुरू होते. फोनवर ती ओळख टंकावी लागत नाही, क्यूआर कोड दाखवला की भागते. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असतील तर फायली घराबाहेर न जाता थेट पोहोचतात. बाहेरगावी असताना थेट जोडणी जमली नाही तर मधल्या रिले सर्व्हरवरून, म्हणजे फायली फक्त पुढे पोहोचवणाऱ्या संगणकावरून जातात, पण सांकेतिक रूपातच. सगळा कारभार ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका पानावरून चालतो. ते पान पहिल्यांदा पाहणाऱ्याला रुक्ष वाटेल, आणि ते आहेही तसेच.

फोल्डर नव्याने जोडला की तो आपोआप 'सेंड अँड रिसीव्ह' या प्रकारचा होतो, म्हणजे कोणत्याही यंत्रावर केलेला बदल सगळीकडे लागू होतो. या 'बदला'त पुसून टाकणेही येते. हे मी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. एका सुट्टीच्या प्रवासाआधी फोनवर जागा करायची म्हणून मी नाट्यसंगीताचा अख्खा फोल्डर फोनवरून पुसला. रात्री घरी लॅपटॉप उघडला तर तिथेही नाट्यसंगीत नाही, आणि डेस्कटॉपवर तर दुपारीच गेलेले. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले होते. चूक सर्वस्वी माझी होती. वाचलो ते एवढ्यामुळेच की डेस्कटॉपवर त्या फोल्डरसाठी मी 'ट्रॅश कॅन' पद्धतीचे व्हर्जनिंग, म्हणजे पुसलेल्या फायली जपून ठेवण्याची सोय, सुरू करून ठेवले होते, आणि त्यामुळे दुसऱ्या यंत्राच्या सांगण्यावरून पुसलेल्या फायली एका लपलेल्या फोल्डरात जाऊन पडल्या होत्या. ही सोय आपोआप सुरू नसते, ती यंत्रागणिक आणि फोल्डरागणिक चालू करावी लागते. संगीतासाठी सिंकथिंग वापरणाऱ्याने पहिल्या दिवशी दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण हे करावे.

त्यानंतर मी रचना बदलली. फोनकडे जाणारा फोल्डर डेस्कटॉपवर 'सेंड ओन्ली' आणि फोनवर 'रिसीव्ह ओन्ली' केला. आता फोनवर काहीही पुसले तरी डेस्कटॉप ढिम्म हलत नाही. फोनच्या पानावर स्थानिक बदल झाल्याची नोंद तेवढी दिसते आणि एक बटण दाबले की पुसलेली गाणी परत येतात. डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्यात मात्र मी दोन्ही बाजूंचा प्रकार कायम ठेवला, कारण गाण्यांची माहिती भरण्याचे काम मी दोन्हीकडे करतो. इतके असूनही सिंकथिंगला बॅकअप समजू नये. माझी खरी बॅकअप प्रत आजही कपाटातल्या बाह्य हार्ड डिस्कवर आहे आणि ती महिन्यातून एकदाच जोडली जाते.

फोनवर मूळ फायली पाठवणेही परवडणारे नव्हते. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ते दाबून निम्म्याच्या आसपास येते. पण ओपस या अधिक दाबणाऱ्या प्रकारात १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) तोच तास ५८ एमबीत बसतो, आणि रस्त्याच्या गोंगाटात इयरफोनवर मला तरी फरक कळत नाही. म्हणून 'मूळ' आणि 'हलके' असे दोन फोल्डर केले. 'मूळ' फक्त दोन संगणकांवर राहतो. 'हलके' डेस्कटॉपवर म्युझिकबी या गाणी वाजवणाऱ्या आणि त्यांची वर्गवारी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या रूपांतराच्या सोयीने तयार होतो आणि फोनवर जातो. सिंकथिंग स्वतः रूपांतर करत नाही, त्यामुळे ही एक पायरी हातानेच करावी लागते, आणि आळस केला की फोनवरचा संग्रह महिनाभर जुना राहतो.

फायलींच्या नावांनी मात्र मला सर्वांत जास्त दमवले. लिनक्सवर मी 'मारवा: विलंबित' असे नाव दिले की लॅपटॉप खूश, पण विंडोजला नावातला अपूर्णविराम चालत नाही आणि सिंकथिंगच्या पानावर ती फाइल अडकलेली दिसते. हे एकदा कळले की सुटते. दुसरी अडचण मराठीची खास आहे. आमच्या मूळ गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी 'कऱ्हाड भजन' या फोल्डरात ठेवले होते. काही दिवसांनी शेजारी शेजारी दोन 'कऱ्हाड भजन' दिसू लागले, डोळ्यांना तंतोतंत सारखे. कारण असे की अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एका कळफलकावर नुक्ता (खालचे टिंब) असलेला ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारे एक जोडचिन्ह. 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' आपल्याला एकच, संगणकाला दोन. सिंकथिंग युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतातल्या ठरलेल्या पर्यायी रूपांचा मेळ आपोआप घालते, पण ते न दिसणारे जोडचिन्ह त्या नियमांत बसत नाही. आता फोल्डरांची नावे मी एकाच कळफलकाने टंकतो. गायकांच्या नावांचे तेच. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतली दोन स्पेलिंगे मिळून माझ्या यादीत एका गायकाचे चार गायक झाले होते. ते आवरण्याचे काम म्युझिकबीत केले, आणि तिथेच राग व ताल यांसाठी स्वतंत्र रकानेही जोडून घेतले. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला अल्बमच्या नावापेक्षा रागाच्या नावाने शोधायचे असते, हे बहुतेक प्रोग्रॅमांच्या गावीही नसते.

माहिती बदलली की काय होते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. सिंकथिंग फाइलचे तुकडे पाडते आणि बदललेले तुकडेच पाठवते. फ्लॅक फाइलच्या आरंभी माहितीसाठी सहसा थोडी मोकळी जागा राखलेली असते, म्हणून रागाचे नाव दुरुस्त केले तर पुढचा ध्वनी जागचा हलत नाही आणि ४०० एमबीच्या फाइलमधला आरंभाचा एखादा तुकडाच प्रवास करतो. मोठे मुखपृष्ठ आत चिकटवले आणि ती जागा पुरली नाही, तर मात्र पुढचे सगळेच सरकते.

दोन्ही संगणकांवर एकाच वेळी, एकमेकांशी संपर्क नसताना तीच फाइल बदलली, तर सिंकथिंग एक आवृत्ती ठेवते आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख घालून ती बाजूला ठेवते. काहीच हरवत नाही हे चांगले. पण संगीताच्या यादीत तेच गाणे दोनदा वाजू लागते. अशी टक्कर नको म्हणून म्युझिकबीची स्वतःची लायब्ररी-नोंद मी सिंकमध्ये मुळीच घातलेली नाही. परिणामी कोणते गाणे किती वेळा ऐकले, हा हिशेब यंत्रागणिक वेगळा राहतो आणि लॅपटॉपवर स्ट्रॉबेरी या प्रोग्रॅममध्ये ऐकलेले डेस्कटॉपला कळत नाही. प्लेलिस्ट मात्र युनिकोडमधल्या साध्या मजकुराच्या फायली असल्याने सगळीकडे जातात. त्यांत ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता नसावा आणि तिरकी रेघ विंडोजची उलटी न घेता सरळ घ्यावी, एवढे पाळले की पुरते.

फोनची बाजू थोडी लंगडी आहे. अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. सध्या त्यातूनच निघालेले 'सिंकथिंग-फोर्क' वापरावे लागते. ते नीट चालते आणि फक्त वायफायवर व चार्जिंग सुरू असतानाच काम करण्याची त्यात सोय आहे, त्यामुळे बॅटरीची तक्रार उरत नाही. मेमरी कार्डवर लिहिताना मात्र अँड्रॉइडच्या बंधनांमुळे माझ्या फोनवर ॲपच्या स्वतःच्या फोल्डरातच गाणी ठेवावी लागली. ॲप काढून टाकले तर तो फोल्डरही जाऊ शकतो, हे ध्यानात असलेले बरे. आयफोनसाठी अधिकृत ॲप नाही.

राहिला तो बोटभर प्लेअर. त्यावर रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, आहे, वायफाय नाही, म्हणजे सिंकथिंग तिथे पोहोचूच शकत नाही. तो रविवारी सकाळी यूएसबीच्या तारेने डेस्कटॉपला जोडतो आणि म्युझिकबीच्या डिव्हाइस-सिंकने निवडक प्लेलिस्ट एमपी३ करून त्यावर उतरवतो. त्याच्या इवल्या पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, म्हणून म्युझिकबीत रोमन नावासाठी एक वेगळा रकाना करून फाइलचे नाव तिथून घ्यायला सांगितले आहे. त्यामुळे फिरायला जाताना माझा मारवा रोमन लिपीत असतो आणि घरी आल्यावर देवनागरीत.